चार पेन्सिल सेलवर चालणारा संगणक : टीआरएस-८० मॉडेल १००

टॅन्डी कंपनीने १९८३ साली आपल्या रेडिओ शॅक या दुकानांतून विकायला आणलेला टीआरएस-८० मॉडेल १०० हा संगणक मी गेली काही वर्षे रोजच्या लिखाणासाठी वापरत आहे. तो संग्रहात मिरवण्यासाठी काचेच्या कपाटात ठेवलेला नाही. कामाची टिपणे, पत्रांचे कच्चे खर्डे, वाचलेल्या पुस्तकांवरच्या नोंदी हे सगळे त्याच्यावर होते आणि त्या वापराच्या आधारावरच हे परीक्षण लिहीत आहे. मी टेक्सासमध्ये फोर्ट वर्थ शहराजवळ राहतो. टॅन्डीचे मुख्यालय याच शहरात होते आणि इथल्या जुन्या वस्तूंच्या बाजारात ही यंत्रे अजूनही अधूनमधून दिसतात. असेच एक यंत्र, ‘बंद आहे’ असे सांगून विकायला ठेवलेले, मी थोडक्या पैशांत घेतले.

यंत्र साधारण जाड हिशेबाच्या वहीएवढे आहे. लांबी ३० सेंटिमीटर, रुंदी २१.५ सेंटिमीटर, जाडी ५ सेंटिमीटर आणि वजन १.४ किलोच्या आसपास. त्याला झाकण नाही, घडी नाही. वरच्या भागात पडदा आणि खालच्या भागात कळफलक एकाच पातळीवर बसवलेले आहेत. परंतु हे यंत्र समजून घ्यायचे असेल तर ते पालथे करून सेलचा छोटा कप्पा उघडावा, असे मी कोणालाही सांगेन. त्यात भिंतीवरच्या घड्याळात किंवा टॉर्चमध्ये घालतो तसे चार पेन्सिल सेल बसतात. कोणती चिप घ्यायची, पडदा केवढा ठेवायचा, मेमरी कोणत्या प्रकारची वापरायची, हे आराखडा करणाऱ्यांचे जवळजवळ सगळे निर्णय या चार सेलमध्ये मावणाऱ्या विजेच्या हिशेबातून आलेले आहेत.

त्या काळी ‘उचलून नेता येईल असा संगणक’ याचा अर्थ काय होता, हे आधी पाहिले पाहिजे. १९८१ सालचा ऑस्बर्न १ शिलाई यंत्राच्या पेटीसारखा दिसे, त्याचे वजन सुमारे ११ किलो होते, आणि मुक्कामाला पोहोचल्यावर भिंतीतला प्लग शोधल्याशिवाय तो सुरू होत नसे. १९८२ साली आलेला ग्रिड कंपास दिसायला आजच्या लॅपटॉपचा थेट पूर्वज आहे. मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे कवच आणि कळफलकावर मिटणारा पडदा ही बिल मॉग्रिज यांची रचना आजही देखणी वाटते. मात्र त्याची किंमत ८,१५० डॉलर होती आणि त्यालाही भिंतीतली वीजच लागे. त्याचा नारिंगी प्रकाशाचा पडदा आणि बबल मेमरी पाहता पेन्सिल सेल त्याच्यापुढे काही मिनिटेही टिकले नसते.

खऱ्या अर्थाने बॅटरीवर चालणारा आणि मांडीवर घेऊन वापरता येणारा पहिला संगणक एपसनचा एचएक्स-२० होता, असे मी मानतो. एपसनची तेव्हाची मूळ कंपनी असलेल्या सुवा सेकोशामधील युकिओ योकोझावा यांनी त्याची कल्पना १९८०मध्ये मांडली, १९८१ साली तो लोकांसमोर आला आणि १९८२मध्ये विक्रीला लागला. १.६ किलोच्या त्या यंत्रात छोटा छपाई यंत्रभाग आणि मायक्रोकॅसेटसुद्धा होती, आणि आतल्या निकेल-कॅडमियम बॅटरीवर ते ५० तास चालते असे कंपनीचे सांगणे होते. एका स्नेह्याकडे मी ते दोन संध्याकाळी वापरून पाहिले आहे. त्याच्या कारागिरीबद्दल माझ्या मनात आदर आहे, पण त्यावर लिहिणे कठीण आहे, कारण पडद्यावर फक्त ४ ओळी आणि प्रत्येक ओळीत २० अक्षरे मावतात. वाक्य थोडे लांबले की त्याचा आरंभ दृष्टीआड होतो, आणि आपण कर्ता कोणता योजला होता हे आठवत क्रियापदापर्यंत जावे लागते. मॉडेल १००च्या पडद्यावर ८ ओळी आणि प्रत्येकी ४० अक्षरे आहेत, म्हणजे एचएक्स-२०च्या बरोबर चौपट. एक पूर्ण परिच्छेद डोळ्यांसमोर राहतो. लिहिणाऱ्याला किमान एवढे लागतेच.

हे यंत्र टॅन्डीच्या नावाने प्रसिद्ध असले तरी ते जपानच्या क्योसेरा कंपनीने घडवलेले आहे. जपानमध्ये ते क्योट्रॉनिक ८५ या नावाने विकले गेले, युरोपात ऑलिव्हेट्टीने त्याचे एम१० केले आणि एनईसीने पीसी-८२०१. या सगळ्या भावंडांच्या मागे एएससीआयआय कंपनीचे काझुहिको निशी यांची कल्पना होती, आणि आतली आज्ञावली मायक्रोसॉफ्टने पुरवली.

आता पुन्हा सेलकडे वळतो. चार नव्या अल्कलाइन सेलचे व्होल्टेज मिळून ६ भरते आणि वापर होईल तसे ते उतरत जाते. आतल्या चिपांना मात्र स्थिर ५ व्होल्ट लागतात. आत एक छोटा ट्रान्सफॉर्मर असलेला परिवर्तक आहे, तो सेलकडून जे येईल त्याचे अधिक ५ आणि उणे ५ व्होल्ट करून देतो. उणे ५ व्होल्ट पडद्यासाठी आणि दुसऱ्या यंत्राशी तारेने बोलण्याच्या मागच्या आरएस-२३२ जोडणीसाठी लागतात. या परिवर्तकामुळे सेल ५ व्होल्टच्या खाली उतरले तरी यंत्र चालत राहते आणि सेलमधली वीज बरीचशी शेवटपर्यंत कामी येते. याच कारणाने आजचे पुन्हा चार्ज करता येणारे १.२ व्होल्टचे सेलही यात चालतात, जरी चारांची बेरीज ४.८च होत असली तरी. मूळ दावा एका संचावर २० तासांपर्यंतचा आहे. मी चार्ज होणारे सेल घालून रोज दोनेक तास लिहितो आणि साधारण आठ दिवसांनी पडद्याशेजारचा लाल दिवा लागतो. तो लागल्यावर वीसेक मिनिटे हातात असतात. वाक्य पुरे करून सेल बदलायला तेवढी पुरतात. दहा मिनिटे एकही कळ दाबली नाही तर यंत्र आपोआप बंद होते, आणि ही मुदत यंत्रातच असलेल्या बेसिक या संगणकभाषेतून एका आज्ञेने कमीजास्त करता येते किंवा काढूनही टाकता येते. वीज जपण्याची ही सवय आज प्रत्येक फोनमध्ये आहे. १९८३मध्ये टेबलावरच्या संगणकाला तिची गरज कोणाला वाटत नव्हती.

यंत्राचा मेंदू ८०सी८५ ही चिप आहे. इंटेलच्या ८०८५ या आठ बिटांच्या चिपेची ती सीमॉस आवृत्ती होय, आणि नावाच्या मधोमध आलेल्या ‘सी’ या अक्षरातच सगळे आहे. जुन्या पद्धतीच्या चिपांमधून काम असो वा नसो, विजेचा प्रवाह वाहत राहतो. सीमॉस चिप प्रामुख्याने शून्याचा एक आणि एकाचा शून्य होताना वीज खाते. तिचा वेग जितका कमी, तितका खर्च कमी. इथे हा वेग २.४५७६ मेगाहर्ट्झ आहे. हा आकडा प्रथम पाहिला तेव्हा मला तो विचित्र वाटला होता. अडीच का नाही, असा प्रश्न पडला. उत्तर कागदावर भागाकार करून पाहिल्यावर मिळाले. दुसऱ्या यंत्राशी बोलताना जी प्रमाणित गती वापरतात, म्हणजे ३०० पासून १९,२०० बॉडपर्यंत (बॉड म्हणजे इथे सेकंदाला जाणारे बिट), तिच्यासाठी त्या गतीच्या सोळापट ठोके लागतात. २४,५७,६०० ला ३०० गुणिले १६ ने भागले तर बरोबर ५१२ येतात आणि १९,२०० गुणिले १६ ने भागले तर बरोबर ८. बाकी उरत नाही. एकाच स्फटिकाच्या ठोक्यांवर मेंदूही चालतो आणि संवादाची जोडणीही. त्यासाठी दुसरा स्फटिक बसवावा लागत नाही, जागा वाचते आणि थोडी वीजही. ते ठोके मोजून देणारी ८१सी५५ ही चिप याशिवाय कळफलक तपासते, छपाईची अक्षरे बाहेर पाठवते आणि छोट्या भोंग्याचे सूरही काढते. एकेका चिपेकडून इतकी कामे करून घेतलेली पाहताना मला घरच्या काटकसरी बायाबापड्यांची आठवण होते. वाया काही जाऊ द्यायचे नाही ही त्यांची रीत या सर्किट बोर्डवर जागोजाग दिसते.

मेमरीचा निर्णय मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण हे यंत्र वापरताना जे सुख मिळते त्याचे मूळ तिथे आहे. त्या काळच्या बहुतेक संगणकांत डायनॅमिक रॅम असे. तिच्यातला प्रत्येक बिट अतिसूक्ष्म विद्युतभाराच्या रूपात साठवलेला असतो, तो भार क्षणार्धात गळू लागतो, आणि म्हणून सेकंदाला शेकडो वेळा सगळी मेमरी पुन्हा भरत राहावी लागते. ती स्वस्त असते, पण ती कधी झोपत नाही. मॉडेल १००मध्ये महागडी स्टॅटिक सीमॉस रॅम आहे. तिला एकदा सांगितलेले ती अगदी थोड्या विजेवर दिवसेंदिवस धरून ठेवते. मूळ यंत्र ८ किंवा २४ केबी रॅमसह मिळे आणि ८ केबीचे तुकडे बसवत ते ३२ केबीपर्यंत वाढवता येई. माझ्याकडे ३२ केबीचे आहे. त्यातले सुमारे २९,६०० बाइट लिहिणाऱ्याच्या वाट्याला येतात, म्हणजे रोमन लिपीतले चार हजारांच्या आसपास मराठी शब्द.

या रचनेमुळे मजकूर ‘सेव्ह’ करणे ही क्रियाच उरत नाही. डिस्क नाही, त्यामुळे मेमरीतला मजकूर आणि साठवलेला मजकूर असे दोन वेगळे मजकूरही नाहीत. जिथे लिहिले तिथेच ते राहते. बटण दाबून यंत्र बंद केले आणि तीन दिवसांनी पुन्हा सुरू केले तर क्षणाचाही विलंब न लागता पडदा समोर येतो आणि अर्धे सोडलेले वाक्य तसेच असते. मुख्य सेल काढले तरी मजकूर जात नाही, कारण आत ३.६ व्होल्टची एक छोटी निकेल-कॅडमियम बॅटरी आहे. ८ केबीचे यंत्र तिच्यावर सुमारे ३० दिवस आणि ३२ केबीचे सुमारे ८ दिवस आपली आठवण सांभाळते, आणि मुख्य सेल असताना तीच हळूहळू चार्ज होत राहते.

मात्र ४० वर्षांनंतर या यंत्राचा सर्वांत मोठा शत्रूही हीच छोटी बॅटरी आहे. ती थेट सर्किट बोर्डवर सोल्डर केलेली आहे, आणि असे घट म्हातारे झाले की त्यांच्यातले क्षारयुक्त द्रव्य झिरपून तांब्याच्या रेषा खाऊ लागते. हा दोष एका कंपनीचा नव्हे; त्या काळात निकेल-कॅडमियम घट बोर्डवर बसवलेल्या कितीतरी यंत्रांची हीच कथा आहे. माझे यंत्र उघडले तेव्हा बॅटरीभोवती हिरवट पूड जमलेली होती. जुनी बॅटरी काढून, ती जागा आधी व्हिनेगरने आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून, नवी निकेल-मेटल-हायड्राइड बॅटरी बसवायला एक दुपार लागली. सोबतच विद्युतपुरवठ्याच्या भागातले जुने कपॅसिटर बदलले. सोल्डरिंगची सवय असलेल्या माणसाला हे जमण्यासारखे आहे, कारण सगळे भाग मोठे आणि सुटसुटीत अंतरावर आहेत. आजच्या फोनसारखे भिंगाखाली पाहायला लागत नाहीत.

पडद्याबद्दल दोन्ही बाजूंनी बोलले पाहिजे. २४० गुणिले ६४ ठिपक्यांचा हा एलसीडी पडदा स्वतःचा प्रकाश देत नाही, म्हणूनच तो इतकी थोडी वीज खातो. खिडकीपाशी किंवा अंगणात बसले की अक्षरे स्वच्छ दिसतात, आणि उन्हात तर आजच्या पुष्कळ लॅपटॉपपेक्षा चांगली दिसतात. संध्याकाळ झाली की दिव्याखाली सरकावे लागते. पडदा कळफलकाच्या पातळीत आडवा असल्यामुळे आणि तो उचलून तिरका करता येत नसल्यामुळे योग्य कोन मिळवण्यासाठी यंत्राच्या मागच्या बाजूला काहीतरी टेकण द्यावे लागते. मी लाकडाची एक पट्टी ठेवतो. बाजूला एक छोटी चाकती आहे, ती फिरवून अक्षरांचा गडदपणा बदलता येतो. तिचा वापर सतत करावा लागतो, कारण बसण्याची जागा जराशी बदलली तरी अक्षरे एक तर पुसट होतात किंवा सगळा पडदा काळवंडतो. ऑलिव्हेट्टीच्या एम१०मध्ये पडदा उचलून तिरका करता येतो आणि ही एक गोष्ट क्योसेराने सगळ्याच भावंडांना द्यायला हवी होती, असे माझे ठाम मत आहे.

हा पडदा आतून दहा वेगवेगळ्या चिपा चालवतात, आणि प्रत्येकीकडे पडद्याचा एकेक तुकडा सोपवलेला आहे. ओळी वर सरकवायच्या तर मेंदूला या दहाही जणींना नवी अक्षरे कळवावी लागतात, त्यामुळे लांब मजकूर वरखाली करताना अक्षरे एकामागून एक उमटताना दिसतात. वाचायला हा पडदा मंद आहे. लिहायला मात्र पुरेसा वेगवान आहे, आणि त्या दोहोंतून निवड करायची वेळ आली तेव्हा रचनाकारांनी लिहिणाऱ्याची बाजू घेतली.

कळफलक! मी आजवर वापरलेल्या कोणत्याही उचलता येण्याजोग्या संगणकावर याहून चांगला कळफलक पाहिलेला नाही. ५६ कळा आहेत, टंकलेखन यंत्रासारख्या पूर्ण आकाराच्या, पुरेशा खोल दबणाऱ्या, आणि बोट उचलताच वर येणाऱ्या. त्यांच्या वर एका रांगेत आठ कार्यकळा, चिकटवणे, छापणे, थांबवणे अशा कामांच्या चार कळा आणि चार बाणकळा. पाच सेंटिमीटरची जाडी आज जास्त वाटते खरी, पण ती जाडी कळांच्या खोलीसाठी खर्च झालेली आहे, आणि दोन तास लिहून बोटे दुखत नाहीत तेव्हा तो खर्च योग्य होता हे पटते. १९८७ साली क्लाइव्ह सिंक्लेअर यांचा झेड८८ हाही चार पेन्सिल सेलवर चालणारा संगणक आला. वजन एक किलोच्याही आत आणि पडदा अधिक रुंद, या बाबतीत तो सरस आहे. पण त्याचा रबरी कळफलक, आवाज होत नाही एवढी एक सोय सोडली तर, मला मॉडेल १००च्या जवळपासही आणता येत नाही. बाणकळा एका ओळीत असल्यामुळे वरचा बाण कुठला आणि खालचा कुठला हे बोटांना लवकर सापडत नाही, एवढीच या कळफलकाबद्दल माझी तक्रार आहे.

आज्ञावली ३२ केबी रॉममध्ये कायमची कोरलेली आहे. यंत्र सुरू करताच तारीख, वेळ आणि खाली पाच नावे येतात: बेसिक, टेक्स्ट, टेलकॉम (दुसऱ्या संगणकाशी संवाद साधणारा), पत्त्यांची यादी आणि कामांची यादी. त्यांच्या पाठोपाठ आपण तयार केलेल्या फायलींची नावे. बाणकळांनी नावावर जाऊन एंटर दाबायचे, एवढीच विद्या लागते. बिल गेट्स यांनी स्वतः हात घालून मोठा वाटा लिहिलेली ही शेवटची आज्ञावली होय, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. टेक्स्ट हा संपादक साधा पण पुरेसा आहे. शब्द ओळीच्या शेवटी आपोआप खाली जातो, मजकूर निवडून कापता आणि चिकटवता येतो, शब्द शोधता येतो. फाइलच्या नावाला सहाच अक्षरे मिळतात. एक मर्यादा मात्र सांगितलीच पाहिजे. सगळ्या फायली मेमरीत एकमेकींना खेटून ठेवलेल्या असतात. लांब मजकुराच्या आरंभी एखादे अक्षर घातले की पुढचे सगळे बाइट एकेक जागा पुढे सरकवावे लागतात, आणि त्या वेगाच्या मेंदूला हे काम जड जाते. बोटे पुढे जातात, अक्षरे मागून येतात. म्हणून मी प्रत्येक प्रकरणाची वेगळी छोटी फाइल ठेवतो. आतल्या घड्याळाची चिप साल मोजत नाही, साल आज्ञावली सांभाळते, आणि शतकाचे ‘१९’ हे आकडे रॉममध्येच पक्के केलेले असल्यामुळे माझ्या यंत्रावर रोज शंभर वर्षांपूर्वीची तारीख दिसते.

मराठी लिहिणाऱ्याला पडणारा पहिला प्रश्न देवनागरीचा. ती यात नाही. अक्षराला ६ गुणिले ८ ठिपक्यांचे घर मिळते, त्यात रोमन अक्षर नीट बसते. पण शिरोरेषा, तिच्या वरची वेलांटी, रफार आणि अनुस्वार, खालचे उकार, हे सगळे आठ ठिपक्यांच्या उंचीत मावत नाही. मी बेसिकमधून एकेक ठिपका लावत काही अक्षरे काढून पाहिली. वाचता येईल अशा देवनागरीला किमान १६ ठिपक्यांची उंची आणि सरासरी १२ ठिपक्यांची रुंदी लागते असे माझ्या ध्यानात आले. म्हणजे ६४ ठिपक्यांत ४ ओळी आणि २४० ठिपक्यांत २० अक्षरे. ज्या एचएक्स-२०च्या पडद्याला मी अपुरा म्हटले, मराठीसाठी हा पडदा नेमका तेवढाच ठरतो. शिवाय बेसिकमधून एक अक्षर उमटायला इतका वेळ लागतो की त्याची काना-वेलांटी क्रमाने चढताना दिसते. तरीही ‘मराठी’ हा शब्द त्या राखाडी पडद्यावर पहिल्यांदा उमटला तेव्हा मी बराच वेळ यंत्र बंद केले नाही. रोजचे लिखाण मी रोमन लिपीतून करतो आणि नंतर मोठ्या संगणकावर ते देवनागरीत उतरवतो. दुसऱ्यांदा लिहिताना वाक्ये आपसूक घासली जातात, हा त्या कष्टांचा फायदा आहे.

लिहिलेले बाहेर काढणे हा या यंत्राच्या रचनेतला दुसरा मोठा विचार आहे. अमेरिकी आवृत्तीत ३०० बॉडचा मोडेम आतच बसवलेला होता, जो टेलिफोनचा क्रमांकही स्वतः फिरवत असे. वार्ताहरांनी हे यंत्र उचलून धरले ते यामुळेच. घटनास्थळी बसून बातमी लिहायची, जवळच्या फोनला जोडायची आणि थेट वृत्तपत्राच्या संगणकात पाठवायची. ३०० बॉड म्हणजे सेकंदाला तीसएक अक्षरे, डोळ्यांनी वाचत जाता येईल इतकी सावकाश. तरी फोनवरून शब्दन् शब्द सांगून दुसऱ्याकडून उतरवून घेण्यापेक्षा ते पुष्कळच बरे होते. आज मोडेमचा उपयोग नाही, पण मागची २५ पिनांची आरएस-२३२ जोडणी पूर्ण कामाची आहे. यूएसबीला जोडणारी केबल आणि उलटसुलट तारांचा नल-मोडेम जोड घेतला, टेलकॉममध्ये ८८एन१ई एवढी खूण नोंदवली, म्हणजे ९,६०० बॉड, आठ बिट, पॅरिटी नाही, एक थांबा-बिट आणि प्रवाहावर नियंत्रण, की मजकूर आजच्या लॅपटॉपवर जातो. ४० वर्षांच्या अंतरावरची दोन यंत्रे कोणत्याही जादा आज्ञावलीशिवाय एकमेकांशी बोलतात. प्रमाणित जोडणी निवडण्याचे महत्त्व याहून वेगळे सांगायला नको.

फेब्रुवारी २०२१मध्ये टेक्सासवर बर्फाचे वादळ आले आणि लाखो घरांची वीज गेली. आमच्याकडेही ती दोन दिवसांहून अधिक काळ नव्हती. लॅपटॉप पहिल्याच रात्री संपला, फोन जपून वापरावा लागत होता, आणि त्या दिवसांची सगळी नोंद मी मॉडेल १००वर ठेवली: कोणाकडे पाणी आहे, कोणाच्या घरी शेकोटी आहे, कोणाच्या औषधांची सोय करायची आहे. घरातले तापमान उतरले तसा पडदाही सुस्तावला. थंडीत एलसीडीमधला द्रव घट्ट होतो, त्यामुळे अक्षर दाबल्यानंतर ते हळूहळू गडद होत वर येई आणि पुसलेले अक्षर क्षणभर रेंगाळत राही. यंत्र मांडीवर पांघरुणात घेऊन बसले की ते पुन्हा ताळ्यावर येई. बॅटरीवरचा टॉर्च तिरका धरल्याशिवाय काही दिसत नव्हते, हे खरे. टॉर्चलाही तेच पेन्सिल सेल लागत होते, आणि दोघांत वाटून घेतलेला एकच डबा आम्हाला पुरला.

ज्यांना हे यंत्र घ्यावेसे वाटते त्यांच्यासाठी काही गोष्टी. लिहिण्यासाठीच घ्यायचे असेल तर मूळ मॉडेल १०० किंवा १९८६ सालचे पातळ आणि हलके मॉडेल १०२ यांतले जे चांगल्या स्थितीत मिळेल ते घ्यावे. १६ ओळींचा, मिटणारा पडदा असलेले मॉडेल २०० वाचायला सोयीचे आहे, पण ते पिशवीत जास्त जागा खाते. ८ केबीचे यंत्र स्वस्त मिळाले तरी घेऊ नये. त्यात एका लेखाहून अधिक काही राहत नाही. सेलचा कप्पा उघडून पत्र्यावर हिरवट थर आहे का ते पाहावे. प्रत्येक कळ दोनदा दाबून पाहावी आणि पडद्यावर आडवी किंवा उभी रेघ गायब नाही याची खात्री करावी, कारण पडदा बदलून मिळणे सर्वांत कठीण. भिंतीतल्या विजेवर चालवायचे तर अडॅप्टर ६ व्होल्टचा आणि मधली पिन ऋण असलेला हवा. आजचे बहुतेक अडॅप्टर याच्या उलट असतात. आणि यंत्र ‘बंद’ म्हणून विकायला असेल तर ते पालथे करून एक छोटे सरकते बटण जरूर पाहावे. आतल्या बॅटरीचा मेमरीशी असलेला संबंध त्या बटणाने तोडता येतो, यंत्र दीर्घकाळ ठेवून द्यायचे असेल तर ते बंद करून ठेवतात, आणि ते बंद असेपर्यंत यंत्र सुरूच होत नाही. माझ्या यंत्राचेही तेच झाले होते. बाजारातून घरी आणून ते बटण पेन्सिलीच्या टोकाने सरकवले, चार सेल घातले, आणि पाच नावे पडद्यावर आली. त्यांच्या खाली मेमरी पूर्ण रिकामी असल्याचा आकडा होता.